जपान रग्बी लीग वन : खेळाडूला घर सोडू न देणारी स्पर्धा

टोकियोच्या पूर्वेकडील एदोगावा प्रभागात, तोझाई मार्गावरील निशी-कासाई स्थानकाच्या आसपास, भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि तीत मराठी घरेही बरीच आहेत. याच प्रभागाच्या परिषदेवर २०१९ मध्ये मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक निवडून आले, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी या वस्तीची दखल घेतली होती. मात्र किराणा, शाळा आणि स्थानक एवढ्याच परिघात फिरणाऱ्या आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते की, स्थानकापासून पायी जाता येईल अशा अंतरावर, प्रभागाच्या ॲथलेटिक्स मैदानावर, जगातल्या अव्वल रग्बीपटूंपैकी काही जण हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खेळायला येत असतात. या मैदानाला आता ‘स्पिअर्स एदोरिकु फील्ड’ म्हणतात, तिथला यजमान संघ कुबोता स्पिअर्स फुनाबाशी टोकियो-बे, आणि स्पर्धा जपान रग्बी लीग वन.

हे परीक्षण त्या स्पर्धेचे आहे. तिकिटाच्या पैशांत प्रेक्षकाच्या पदरात काय पडते हे त्यात येईलच. पण लीग वनचे सामने नेमाने पाहू लागल्यावर जो प्रश्न मनात घर करून बसतो, त्याचे उत्तरही या स्पर्धेच्या बांधणीतच सापडते, असे माझे मत झाले आहे. जपानी फुटबॉलपटू युरोपच्या जवळपास प्रत्येक मोठ्या लीगमध्ये आढळतात, जपानी बेसबॉलपटू अमेरिका गाजवतात, मग २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असे हरवणाऱ्या आणि २०१९ मध्ये विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचणाऱ्या देशाचे रग्बीपटू परदेशी क्लबांत इतके विरळ का असावेत? इंग्रजीची भीती, लहान चण, भिडस्त स्वभाव अशी ठरावीक उत्तरे दिली जातात. त्यांत तथ्य नाही असे नव्हे, पण खरे कारण त्यांच्यापेक्षा बरेच व्यवहारी आहे.

आधी मैदानाविषयी. एदोरिकु हे मुळात धावण्याच्या शर्यतींचे मैदान असल्यामुळे प्रेक्षक आणि खेळ यांच्या मध्ये धावपट्टी येते, आणि पलीकडच्या कोपऱ्यातला ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) नीट दिसेलच याची खात्री देता येत नाही. ही उणीव भरून निघते ती मैदानाच्या लहानपणामुळे. स्क्रम, म्हणजे दोन्ही संघांच्या गड्यांची एकमेकांना भिडून चाललेली रेटारेटी, कोसळताना होणारा धप्प आवाज आणि तिच्यामागून चेंडू काढून साथीदारांना देणाऱ्या स्क्रम-हाफची आरडाओरड थेट कानांवर येते. तिकिटे ऑनलाइन आणि काही हजार येनांत मिळतात. दोन्ही संघांचे चाहते सरमिसळ बसतात, शेजारच्याच्या संघाने गुण घेतले तरी टाळ्या वाजवतात, आणि लहान मुलांना घेऊन जायला हे वातावरण अगदी निर्धोक आहे. नियम ठाऊक नसलेल्या प्रेक्षकांसाठी निवेदक प्रत्येक शिक्षेचे कारण सांगत राहतो, परंतु ते जपानीतून असते. शाकाहारी माणसाने घरून पोटभर जेवून निघावे हे उत्तम. सामना संपला की दोन्ही संघ रांगेत उभे राहून प्रेक्षकांना वाकून नमस्कार करतात. कानांना पट्ट्या बांधलेले, गुडघे सोललेले सव्वाशे किलोंचे गडी कमरेत वाकून उभे आहेत आणि समोर कंपनीचे कर्मचारी सहकुटुंब झेंडे हलवत आहेत, हे दृश्य या स्पर्धेचे सगळे गुपित एका नजरेत सांगून जाते.

त्या झेंड्यांचा रंग नारिंगी असतो. कुबोता म्हणजे ट्रॅक्टर बनवणारी कंपनी, आणि तिचा नारिंगी ट्रॅक्टर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यालाही अनोळखी नाही. संघाच्या नावात कंपनी, टोपणनाव आणि गाव अशी लांबलचक मांडणी असते: तोशिबा ब्रेव्ह लुपस टोकियो, साइतामा पॅनासोनिक वाइल्ड नाइट्स, कोबेल्को कोबे स्टीलर्स. ही नावे जिभेवर बसायला वेळ लागतो, पण त्यांतच इतिहास दडलेला आहे. जपानी रग्बी ही प्रथम विद्यापीठांची आणि नंतर कंपन्यांची रग्बी आहे. केइओ विद्यापीठात १८९९ मध्ये हा खेळ रुजला. वासेदा आणि मेइजी या विद्यापीठांमधला डिसेंबरमधला सामना आजही मोठा उत्सव मानला जातो. शालेय मुलांची राष्ट्रीय स्पर्धा दर हिवाळ्यात ओसाकाजवळच्या हानाझोनो मैदानावर भरते. विद्यापीठातून बाहेर पडलेला मुलगा कंपनीत नोकरीला लागायचा आणि कंपनीच्या संघात खेळायचा. कंपन्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा ‘टॉप लीग’ या नावाने २००३ मध्ये सुरू झाली आणि तिच्या जागी जानेवारी २०२२ मध्ये तीन विभागांची लीग वन आली. नाव बदलले, गावांची जोड मिळाली, तिकीटविक्रीची जबाबदारी क्लबांवर आली, परंतु खर्चाची थैली अजूनही बहुतांशी कंपनीच्याच हातात आहे.

खेळाडूच्या बाजूने या व्यवस्थेकडे पाहिले की कोडे सुटू लागते. लीग वनमध्ये जपानी खेळाडू दोन प्रकारचे असतात. एक व्यावसायिक करारावरचा, आणि दुसरा कर्मचारी-खेळाडू. हा दुसरा कंपनीचा रीतसर नोकर असतो. दिवसाचा काही भाग कार्यालयात, उरलेला सरावात. पगार इतर सहकाऱ्यांसारखा. आणि पस्तिशीत बूट खुंटीला टांगले की दुसऱ्या दिवसापासून पूर्णवेळ नोकरी. रग्बीसारख्या खेळात, जिथे एका टॅकलमध्ये गुडघा जाऊ शकतो आणि कारकीर्द मिटू शकते, तिथे या हमीची किंमत पगाराच्या आकड्यापेक्षा किती तरी मोठी असते. मुंबईच्या टाइम्स शील्ड या कंपन्यांच्या क्रिकेट स्पर्धेचा काळ ज्यांना आठवतो त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. निरलॉन, मफतलाल, टाटा यांचे संघ होते, सुनील गावसकरांसारखा खेळाडूही निरलॉनच्या नोकरीत होता, आणि कबड्डीपटूला महिंद्र किंवा भारत पेट्रोलियममध्ये जागा मिळाली की घरचे निर्धास्त होत. आपल्याकडे क्रिकेटमधली ती व्यवस्था व्यावसायिक पैशापुढे फिकी पडली. जपानी रग्बीत मात्र कंपनीची नोकरी आणि व्यावसायिक दर्जा ही दोन्ही एकाच मैदानावर शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि परदेशी क्लबचा प्रस्ताव हाती आलेल्या मुलाला एकाच वेळी दोन्हींवर पाणी सोडावे लागते.

हितोशी ओनो या लॉकचे (स्क्रमच्या दुसऱ्या फळीतल्या उंच गड्याचे) उदाहरण मला फार बोलके वाटते. रग्बी खेळायला त्याने सुरुवातच विद्यापीठात केली, आणि तरीही जपानकडून ९८ कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय, सामने खेळून त्याने देशाचा विक्रम केला. इतक्या सामन्यांचा लॉक फ्रान्समध्ये किंवा इंग्लंडमध्ये सहज खपला असता. ओनो २०२० मध्ये निवृत्त होईपर्यंत तोशिबा या एकाच संघाचा राहिला. दुसरे टोक म्हणजे केंकी फुकुओका. २०१९ च्या विश्वचषकातला हा कडेने धावणारा वेगवान विंगर ऐन उमेदीत, २०२१ मध्ये, पॅनासोनिकबरोबर टॉप लीग जिंकून थांबला आणि वैद्यकीय शिक्षणासाठी जुन्तेंदो विद्यापीठात दाखल झाला. दोघांचेही मार्ग अगदी वेगळे, पण परदेशी क्लब हे कारकीर्दीचे शिखर आहे असे दोघांनाही वाटलेले दिसत नाही. जपानी फुटबॉलपटू अठराव्या वर्षी युरोपचे स्वप्न पाहतो, कारण त्याच्या खेळाचे शिखर तिथे आहे हे सगळ्यांनी मान्य केलेले असते. रग्बीपटू अठराव्या वर्षी वासेदा, मेइजी किंवा तेइक्योचे स्वप्न पाहतो. तेइक्योने २००९ च्या हंगामापासून ओळीने नऊ वेळा विद्यापीठ स्पर्धा जिंकली, यावरून त्या पातळीवरची ईर्षा कळावी. पदवी घेऊन तो बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कंपनीत येतो, तोवर न्यूझीलंड किंवा फ्रान्समधला त्याच्या वयाचा मुलगा अकादमीतून निघून वरिष्ठ संघात चार हंगाम काढून बसलेला असतो. परदेशी प्रशिक्षकाने जपानी मुलाकडे पाहायचे तरी केव्हा? चोविसाव्या वर्षी तो चांगला दिसू लागतो, तेव्हा त्याच्यापाशी नोकरी असते, कित्येकदा संसारही असतो.

पैशांचा मुद्दाही याला जोडूनच येतो. परदेशी जायचे ते अधिक मिळावे म्हणून, हा जगाचा साधा हिशेब आहे. इथे तो उलटा पडतो. जगभरचे खेळाडूच जपानकडे येत आहेत. न्यूझीलंडचा डॅन कार्टर २०१८ मध्ये कोबेला आला. नंतर ब्रॉडी रिटॅलिक, बॉडन बॅरेट, रिची मोउंगा, ॲरन स्मिथ, चेस्लिन कोल्बे, फाफ डी क्लर्क अशी रीघ लागली. जागतिक संघटनेचा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार २०२३, २०२४ आणि २०२५ मध्ये अनुक्रमे आर्डी सव्हेया, पीटर-स्टेफ डु टॉय आणि माल्कम मार्क्स यांना मिळाला, आणि हे तिघेही जपानी क्लबांतून खेळलेले आहेत. मार्क्स तर कुबोताचाच. आता कुबोताच्या राखीव जपानी हुकरच्या (स्क्रमच्या पहिल्या फळीत मध्यभागी असणाऱ्या गड्याच्या) जागी स्वतःला ठेवून पाहावे. जगातल्या सर्वोत्तम हुकरबरोबर तो रोज सरावाला उभा राहतो, लाइनआउटचा, म्हणजे कडेबाहेर गेलेला चेंडू परत आत टाकण्याचा, फेक त्याच्याकडून दुरुस्त करून घेतो, आणि संध्याकाळी घरी जेवायला येतो. शिकण्यासाठी दक्षिण आफ्रिकेतले डर्बन किंवा न्यूझीलंडमधले डनीडिन गाठायची त्याला गरज काय?

नियमही त्याच्याच बाजूने आहेत. लीग वनमध्ये खेळाडूंची वर्गवारी असते. जपानकडून खेळण्यास पात्र असलेल्यांना संघात बहुसंख्य जागा मिळतील आणि दुसऱ्या देशाकडून खेळलेले नामांकित खेळाडू एका वेळी मैदानावर मोजकेच असतील, अशी ही रचना आहे. म्हणजे घरच्या संघात जपानी खेळाडूची जागा नियमानेच राखलेली आहे. तोच खेळाडू फ्रान्समध्ये गेला की चित्र पालटते. तिथल्या टॉप १४ या मुख्य लीगमध्ये फ्रेंच अकादम्यांतून घडलेल्या खेळाडूंची ठरावीक संख्या प्रत्येक संघात असावीच लागते, त्यामुळे परदेशी खेळाडूसाठी उरलेल्या जागा थोड्या आणि मोलाच्या. त्या जागा क्लब साहजिकच फिजीच्या धिप्पाड विंगरला किंवा दक्षिण आफ्रिकेच्या, स्क्रमचा भार पेलणाऱ्या प्रॉपला देतो. न्यूझीलंडचे संघ तर मुळात ऑल ब्लॅक्स, म्हणजे राष्ट्रीय संघाचे खेळाडू, घडवण्यासाठी असतात, आणि जो कधीच ऑल ब्लॅक होणार नाही त्याच्यासाठी जागा खर्च करायला ते सहजासहजी तयार होत नाहीत. घरी राखीव जागा आणि बाहेर उपऱ्यांच्या रांगेतली शेवटची जागा, असा हा सौदा आहे.

फुटबॉलशी तुलना केल्यास आणखी एक धागा हाती लागतो. जपानच्या जे-लीगमधला फुटबॉल क्लब आपला तरुण खेळाडू बेल्जियमला किंवा जर्मनीला विकतो तेव्हा त्याला हस्तांतरणाची रक्कम मिळते. खेळाडू परदेशी जाण्यात क्लबचाही स्वार्थ असतो. रग्बीत अशी विक्री क्वचितच होते. करार संपला की खेळाडू जातो, आणि ज्याने त्याला घडवले त्याच्या हाती जवळपास काही लागत नाही. शिवाय कुबोता किंवा तोशिबा यांना त्या पैशांची निकडही नाही. संघ चालवण्यामागे त्यांचा हेतू कर्मचाऱ्यांमध्ये एकोपा निर्माण करण्याचा आणि नाव मिरवण्याचा आहे. परदेशी गेलेला गुणी खेळाडू हा त्यांच्या दृष्टीने निव्वळ तोटा. उलट मेजर लीगकडे जाणाऱ्या बेसबॉलपटूच्या जपानी क्लबला भरपाई मिळते, म्हणून तिथे निरोप समारंभ होतात. रग्बीत मात्र राजीनामा द्यावा लागतो.

आणि मग वेळापत्रक. माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षिलेले कारण हेच आहे. २०१३ मध्ये स्क्रम-हाफ फुमिआकी तानाका न्यूझीलंडच्या हायलँडर्सकडे आणि हुकर शोता होरिए मेलबर्नच्या रेबेल्सकडे गेले. दक्षिण गोलार्धातल्या संघांच्या सुपर रग्बी स्पर्धेत खेळलेले हे पहिले दोन जपानी खेळाडू. तानाकाची उंची अवघी १६६ सेंटिमीटर, आणि २०१५ मध्ये हायलँडर्स विजेते झाले तेव्हा तो त्या चमूत होता. या दोघांना पॅनासोनिकची जागा सोडावी लागली नव्हती, कारण त्या वेळी टॉप लीग साधारण उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू होऊन जानेवारीच्या सुमारास संपायची, आणि सुपर रग्बी फेब्रुवारीत सुरू व्हायची. एकाच वर्षात दोन्ही खेळता येत. मायकेल लीच न्यूझीलंडच्या चीफ्सकडून खेळला, केइता इनागाकी रेबेल्सकडे गेला, आयुमु गोरोमारू ऑस्ट्रेलियाच्या रेड्सकडे गेला, हे सगळे त्याच खिडकीतून. आज लीग वन डिसेंबरपासून मे-जूनपर्यंत चालते आणि सुपर रग्बी पॅसिफिक फेब्रुवारीपासून जूनपर्यंत. टॉप १४ चा हंगाम तर शरद ऋतूपासून जूनपर्यंत लांबतो. ती खिडकी बंद झाली. काझुकी हिमेनो २०२१ मध्ये हायलँडर्सकडे गेला तो त्याच्या टोयोटा क्लबने त्या हंगामापुरते मोकळे केल्यामुळे, आणि असे औदार्य दरवर्षी दिसत नाही. २०१६ ते २०२० या काळात सुपर रग्बीत जपानचा स्वतःचा संघ होता, सनवुल्व्हज. त्यामुळे घर न सोडता परदेशी स्पर्धा खेळण्याची सोय झाली, आणि तो संघ बंद झाल्यावर ती सोयही गेली. राष्ट्रीय संघाच्या निवडीची तर अडचण नाहीच. न्यूझीलंड परदेशी खेळणाऱ्याला ऑल ब्लॅक्समध्ये घेत नाही, जपानने असे बंधन घातलेले नाही. कोतारो मात्सुशिमा फ्रान्सच्या क्लेर्माँ क्लबकडे असतानाही देशासाठी खेळत होता. दार उघडेच आहे, पण त्या दारातून बाहेर जाण्याएवढी सवड वर्षात उरत नाही.

जे गेले त्यांच्याकडे पाहिले तर एक नमुना दिसतो. १९९९ मध्ये ३१ वर्षांचा वातारू मुराता फ्रान्समधल्या बायोनला गेला, तो स्क्रम-हाफ. तानाका स्क्रम-हाफ. २०२४ मध्ये सनतोरी हा जपानी क्लब सोडून फ्रान्सच्या तुलूझला गेलेला नाओतो साइतो हाही स्क्रम-हाफ, आणि तोही अशा क्लबमध्ये, जिथे त्याच जागेवर जगातल्या अव्वल खेळाडूंत गणला जाणारा आंत्वान द्युपाँ खेळतो. मार्च २०२५ मध्ये द्युपाँचा गुडघा दुखावल्यावर साइतोची गरज वाढली, आणि त्या जूनमध्ये तुलूझने फ्रेंच विजेतेपद राखले. उंचीची गरज नसलेली आणि जपानी शाळांतल्या अव्याहत सरावातून घासून तयार होणारी हीच जागा आहे. एदोरिकुच्या बाकावर बसून स्क्रम-हाफकडे दहा मिनिटे लक्ष देऊन पाहावे: रकच्या, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झुंबडीच्या, मागे एक हात चेंडूवर, दुसरा हात डावीकडे दाखवतो आहे, तोंडाने एका दक्षिण आफ्रिकी लॉकला जागेवर उभे करणे चालू आहे, आणि चेंडू सुटला की पाय आधीच पुढच्या रककडे वळलेले. हे कौशल्य निर्यात होण्याजोगे आहे यात शंका नाही. अडचण आहे ती बोलण्याची. जपानी क्लबांत परदेशी खेळाडूच्या दिमतीला दुभाषी असतो. सभेत, सरावात, डॉक्टरकडे तो सोबत असतो. तुलूझमध्ये साइतोसाठी सगळा संघ जपानी शिकणार नाही. सगळ्यांना आवाज देऊन चालवण्याचे काम ज्या जागेचे, त्या जागेवर परक्या भाषेत उभे राहायला वेगळेच काळीज लागते, आणि म्हणून साइतोचे मला अधिक कौतुक वाटते.

परतण्याच्या कहाण्याही बोलक्या आहेत. २०१५ च्या विश्वचषकानंतर गोरोमारूइतका प्रसिद्ध खेळाडू जपानमध्ये दुसरा नव्हता. तो रेड्सकडे गेला, जखमी झाला, मग फ्रान्सच्या तुलाँ क्लबला गेला, तिथे फारसे खेळायला मिळाले नाही, आणि २०१७ मध्ये तो यामाहा या आपल्या जपानी क्लबकडे परतला. निवृत्तीनंतर त्याच क्लबच्या, म्हणजे आताच्या शिझुओका ब्लू रेव्हजच्या, कार्यालयात तो काम करू लागला. कुणाला यात अपयश दिसेल; मला त्यात जपानी व्यवस्थेची ताकद दिसते. मात्सुशिमाचे क्लेर्माँमधले दोन हंगाम चांगले गेले, तरी २०२२ मध्ये तो सनतोरीकडे परत आला. आणि परदेशी व्यावसायिक क्लब किती ठिसूळ असू शकतो, हे त्याच सुमारास इंग्लंडने दाखवून दिले. २०२२ मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स, २०२३ मध्ये लंडन आयरिश, असे तीन नावाजलेले संघ आर्थिक डबघाईमुळे स्पर्धेबाहेर गेले आणि त्यांचे खेळाडू रस्त्यावर आले, पहिल्या दोघांचे तर हंगाम चालू असतानाच. जपानमध्येही संघ बुडतात; मुनाकाता सानिक्स ब्लूज २०२२ मध्ये बंद झाला. फरक इतकाच की तिथल्या कर्मचारी-खेळाडूपाशी संघ गेल्यावरही नोकरीचा आधार राहू शकतो.

महिलांकडे पाहिल्यास हाच तर्क दुसऱ्या बाजूने सिद्ध होतो. जपानमध्ये महिलांसाठी लीग वनसारखी श्रीमंत स्पर्धा नाही, आणि जपानी महिला रग्बीपटू इंग्लंडमधल्या क्लबांकडून खेळायला गेल्या आहेत. भाषा तीच, शरीरयष्टीचा प्रश्न तोच, संस्कारही तेच. घरी अडवून ठेवणारे काही नसले की जपानी खेळाडूही विमानात बसतो.

प्रेक्षकाच्या दृष्टीने हे सारे वरदानच आहे, कारण परदेशी न गेलेले सगळे जपानी खेळाडू आणि परदेशातून आलेले सगळे दिग्गज एकाच तिकिटात पाहायला मिळतात. २०२३ च्या अंतिम सामन्यात कुबोता वाइल्ड नाइट्सच्या मागे होता, तेव्हा कर्णधार हारुमिची तातेकावाने पायाने चेंडू आडवा तिरकस टाकला आणि हारुतो किदाने तो बाहेरच्या बाजूला धरून ट्राय केला; १७-१५ असा तो सामना कुबोताने जिंकला आणि पहिल्यांदा विजेतेपद मिळवले. बर्नार्ड फोली आणि मार्क्ससारखे परदेशी तारे असलेल्या संघाला विजय मिळवून देणारी ती चाल दोन जपानी खेळाडूंची होती. पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात तोशिबाने साइतामाच्या त्याच वाइल्ड नाइट्सना २४-२० असे हरवले, तेव्हा राष्ट्रीय स्टेडियममध्ये ५६,४८६ प्रेक्षक होते. खेळाचा वेग मोठा, चेंडू हातांतून हातांत फिरता, किकची कंटाळवाणी देवाणघेवाण कमी. नवख्या माणसाला रग्बीची गोडी लावायला यापेक्षा सोपी स्पर्धा मला माहीत नाही. नियमित सामन्यासाठी एदोरिकु पुरेसे आहे. बड्या लढतींसाठी आओयामातले जुने चिचिबुनोमिया मैदान गाठावे. तिथे धावपट्टी नसल्यामुळे खेळ अंगावर येतो.

तक्रार आहे ती वेगळ्या ठिकाणी. ही स्पर्धा खेळाडूला इतके सांभाळते की त्याला न झेपणारे असे काही त्याच्या वाट्याला येतच नाही. लीग वनमधला वेग खरा आहे, पण दर आठवड्याला चालणारी, श्वास कोंडणारी अंगझटीची रग्बी इथे फ्रान्सच्या मानाने कमी पाहायला मिळते. संघाच्या चाली ठरवणाऱ्या फ्लाय-हाफच्या कळीच्या जागेवर मोउंगा किंवा फोली यांच्यासारखे परदेशी खेळत असले की सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांतले निर्णय घेण्याची वेळ जपानी तरुणावर येत नाही, आणि परदेशी जाऊन तो अनुभव मिळवण्याचा मार्गही वेळापत्रकाने बंद केलेला. याचे परिणाम राष्ट्रीय संघाच्या गुणफलकावर दिसतात. २०२४ च्या शरद ऋतूत जपान न्यूझीलंडकडून १९-६४, फ्रान्सकडून १२-५२ आणि इंग्लंडकडून १४-५९ असा हरला. या पराभवांची इतरही कारणे आहेत, संघ तरुण होता आणि प्रशिक्षक एडी जोन्सने बांधणी नव्याने सुरू केली होती, हे मान्य करूनही, त्या वेगाच्या आणि वजनाच्या खेळाला दर आठवड्याला तोंड देणारे पाच-सहा खेळाडू चमूत असते तर अंतर इतके पडले नसते, असे मला वाटते.

उपाय न्यूझीलंडने आधीच करून दाखवला आहे. रिटॅलिक, बॅरेट, सव्हेया हे संघटनेशी असलेला करार न मोडता, ठरावीक मुदतीच्या सवलतीवर जपानला आले, पैसे कमावले आणि परत जाऊन ऑल ब्लॅक्सकडून खेळले. लीग वनच्या क्लबांनी हीच सवलत उलट्या दिशेने द्यावी. प्रत्येक क्लबने दर हंगामात तेविशी-चोविशीतला एक खेळाडू, नोकरी आणि पगार कायम ठेवून, परदेशी पाठवावा, आणि राष्ट्रीय संघटनेने त्याच्या दुभाष्याचा खर्च उचलावा. टोयोटाने हिमेनोच्या बाबतीत हे केले तेव्हा त्यांचे काही बिघडले नाही. तो परत आला आणि २०२३ च्या विश्वचषकात जपानचा कर्णधार झाला. पहिल्या विभागात बारा संघ आहेत, म्हणजे वर्षाला बारा खेळाडू, आणि पुढचा विश्वचषक २०२७ मध्ये ऑस्ट्रेलियात आहे.